चौऱ्याऐंशीच्या रुपयाखालचं टिंब

आमचे साडू गुरुपादप्पा यांच्याशी माझं वैर नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुमचा तसा समज होईल. माणूस सज्जन आहे. लातुरात त्यांचं भांड्यांचं दुकान आहे आणि पाहुण्याला जेवल्याशिवाय ते सोडत नाहीत. फक्त त्यांना नाणी गोळा करायचा नाद आहे, आणि नाण्यांतलं आपल्याशिवाय कुणाला काही कळत नाही असं त्यांचं ठाम मत आहे. माझाही नाद तोच आहे आणि मतही साधारण तेच, फक्त माझ्याबद्दल.

उदगीरला लग्न होतं. जेवणं उरकून सगळी सासुरवाडी मंडपात पान खात बसली होती. गुरुपादप्पांनी खिशातून रुपया काढला आणि व्याख्यान सुरू केलं. नाण्यावर साल असतं, त्याच्या बरोबर खाली बघायचं. तिथं पत्त्यातली असते तशी बारीक चौकट दिसली तर नाणं मुंबईच्या टांकसाळीचं, तारा दिसला तर हैदराबादचं, गोल टिंब दिसलं तर नोएडाचं आणि काहीच नसलं तर कोलकात्याचं. लोक माना डोलवत होते. मला हे सगळं ठाऊक होतं, पण मला कुणी विचारलंच नव्हतं. न विचारता बोलायचा माझा स्वभाव नाही, म्हणून मी थोडा वेळ थांबलो आणि मग बोललो.

"माझ्याकडे चौऱ्याऐंशी सालचा रुपया आहे. खाली टिंब आहे."

गुरुपादप्पांचं पान तोंडातल्या तोंडात थांबलं. "चौऱ्याऐंशीचा? आन् टिंब? वैजनाथराव, नोएडाची टांकसाळ सुरू झाली अठ्ठ्याऐंशीला. त्याच्या आधी तिथं टिंबं काय भुतं पाडून राहिली होती का?"

"मी डोळ्यांनी पाहिलंय."

"मग झिजलेली चौकट असंल. न्हाईतर मळ असंल. न्हाईतर तुमच्या चष्म्यावर असंल."

लोक हसले. लोक हसल्याचं मला वाईट वाटलं नाही. माझी बायको सिंधुही हसली, त्याचं वाटलं. बत्तीस दात दिसतील इतकं हसायची काही गरज नव्हती.

"लातुरात आमच्या नाण्यांच्या मंडळाचं प्रदर्शन हाय," गुरुपादप्पा म्हणाले. "नाणं घेऊन या आन् त्या टिंबाचा मोठा, साफ फोटो घेऊन या. समद्यांच्या देखत भिंतीवर लावतो. न्हाई जमलं, तर हितून पुढं कुठल्या लग्नात नाण्यांवर बोलायचं न्हाई. कबूल?"

आमच्या नात्यात लग्नं फार होतात. लग्नात गेलेला निवृत्त माणूस बोलला नाही तर त्याला कुणी दुसऱ्यांदा भातही वाढत नाही. तरी मी कबूल म्हणालो. पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला एक टिंब सिद्ध करणं जड जाईल, असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

नांदेडला परतल्यावर पहिला फोटो मोबाइलवर काढला. लांबून काढला तर नाणं छान आणि टिंब गायब. जवळ नेला तर सगळंच धुरकट. उजेडात धरला तर नाण्यावर अशी काही चकाकी यायची की साल वाचायची सोय नाही. एका फोटोत नाण्यावर माझ्या नाकाचं प्रतिबिंब आलं होतं आणि ते अत्यंत स्पष्ट होतं. सिंधु म्हणाली, "हाच लावा की लातूरला."

आमच्या शेजारी दयानंद राहतात. त्यांना कुठल्याही विषयावर मत द्यायला विषयाची गरज लागत नाही. ते गेटवरूनच म्हणाले, "वैजनाथराव, नाणं काळं पडलंय म्हणून फोटो येईना. चिंच-मिठात टाका. लई लख्ख निघतंय."

आता, नाणं घासणं हे नाण्यांच्या दुनियेत महापाप आहे. नाण्यावर वर्षानुवर्षं चढलेली झाक हीच त्याची जन्मपत्रिका असते. हे मी दयानंदांना बराच वेळ समजावून सांगितलं आणि त्यांना ते पटलंही. दुर्दैवानं आमचं हे बोलणं सिंधुनं अर्धवट ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी देवाची भांडी काढली होती. चिंचेच्या वाडग्यात घंटा, निरांजन, पितळी नंदी आणि त्यांच्याबरोबर माझा चौऱ्याऐंशीचा रुपया होता. मी ओरडलो तेव्हा तिची सिंहाची बाजू घासून झाली होती आणि ती नाणं उलटं करायच्या बेतात होती. एका बाजूला तिन्ही सिंह झळाळत होते, सालाची बाजू मात्र सुखरूप होती. त्या दिवशी आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही, म्हणजे मी बोललो नाही, तिला ते कळलं की नाही ते सांगता येत नाही.

तेव्हा ठरवलं, हे काम घरी व्हायचं नाही, जाणत्या माणसाकडे जायचं. नांदेडच्याच श्रीनगर भागात सुदामचा फोटो स्टुडिओ आहे. त्यानं नाणं हातात घेतलं आणि विचारलं, "आधारला पाहिजे का पासपोर्टला?"

मी सविस्तर सांगितलं. साल, सालाखालचं टिंब, टांकसाळी, लातूर, इज्जत. तो सगळ्याला "हाव, हाव" म्हणत राहिला. संध्याकाळी फोटो आणायला गेलो. काय सुंदर फोटो! मागे फिकट निळा रंग, नाण्यावर नव्या नवरीचं तेज. सालाखाली मात्र अगदी स्वच्छ, गुळगुळीत.

"टिंब कुठंय?"

"काढलं की साहेब," सुदाम अभिमानानं म्हणाला. "सालाच्या खाली बारीक डाग होता. आपण डागाचं येगळं काही घेत न्हाई."

मी तो फोटो पैसे देऊन घेतला. का घेतला ते माहीत नाही. माणसाचा चांगुलपणा बघून बोलवेना.

मग मला सूक्ष्मदर्शकाची कल्पना सुचली. नांदेडात डॉक्टर लेनमध्ये इतक्या लॅब आहेत की एका टिंबाला तिथं नाही म्हणणार कोण? एका लॅबमध्ये गेलो. काउंटरवर दीपमाला नावाची मुलगी होती, तिच्या ओळखपत्रावर नाव होतं म्हणून कळलं. मी म्हणालो, मला एक वस्तू सूक्ष्मदर्शकाखाली बघायची आहे. तिनं कॉम्प्युटरवरून नजर न काढता विचारलं, "पेशंटचं नाव?"

"पेशंट नाही. रुपया आहे."

"रुपया," तिनं टाइप केलं. "आडनाव?"

"अहो, नाणं आहे. एक रुपयाचं."

"नावाशिवाय पावती निघत न्हाई, काका. वय?"

मला पावती हवी होती. कागदाशिवाय कुठलंही काम पुढं सरकत नाही हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो आहे. "चाळीसच्या वर," मी म्हणालो.

"पुरुष का स्त्री?"

इथं मी थोडा अडखळलो. मग रुपया हा शब्द पुल्लिंगी आहे हे आठवलं आणि तसं सांगितलं.

"उपाशीपोटी आहेत का काही खाल्लंय?"

आतल्या तंत्रज्ञानं मात्र सभ्यपणे नाणं घेतलं, भिंगाखाली ठेवलं, बराच वेळ डोळा लावला आणि म्हणाला, "काही दिसून न्हाई राहिलं." रक्ताच्या सूक्ष्मदर्शकात उजेड खालून येतो म्हणे. मधे रुपया आला की वर सगळी अमावास्या. निघताना दीपमालानं पावती माझ्या हातात दिली आणि पेशंटला भरपूर पाणी पाजायला सांगितलं.

मग कळलं की कॉलेजात भूगर्भशास्त्र विभागाकडे वरून उजेड पडणारा सूक्ष्मदर्शक आहे, दगड बघायचा. मी प्राचार्यांच्या नावे अर्ज केला. तो विभागप्रमुखांकडे गेला, तिथून कार्यालयात आला आणि 'सदर नाण्याचा विद्यार्थ्यांस काय उपयोग, याबाबत खुलासा सादर करावा' असा शेरा घेऊन माझ्याकडे परत आला. शेरा इतका रेखीव होता की रागवावं का कौतुक करावं ते कळेना. मी खुलासा सादर केला. त्यावर नाण्याची छायाप्रत जोडावी असा शेरा आला. नाण्याचा फोटो मिळावा म्हणून तर मी अर्ज केला होता! तिथं मी अर्जाचा नाद सोडला. टिंबाचा सोडला नाही.

शेवटी जे करायचं ते आपल्याच गच्चीवर करायचं ठरवलं. ओळखीच्या सोनाराकडून त्याचं डोळ्याला लावायचं भिंग मागून आणलं. स्टीलचे डबे दोन बाजूंनी रचले आणि त्यावर मोबाइल आडवा ठेवला. मोबाइलच्या डोळ्यावर भिंग चिकटवायला सिंधुच्या टिकल्यांचा डिंक वापरला, त्यात टिकल्यांचं अख्खं पाकीट गेलं. खाली पालथ्या वाटीवर नाणं ठेवलं. सकाळचं कोवळं ऊन तिरपं येत होतं, पण चकाकी काही जाईना. तेव्हा एक पांढरं धोतर उन्हाच्या आड धरून पाहिलं आणि काय सांगू, नाण्यावर असा मऊ उजेड पसरला की प्रत्येक रेघ दिसायला लागली.

धोतर धरायला दयानंद आले. धोतर कसं धरावं हे सांगायला त्यांच्या पत्नी रेणुकाताई आल्या. त्यांच्या मागोमाग गल्ली आली. आमच्या गल्लीत कुणी गच्चीवर चढून धोतर पसरलं की लोकांना काळजी वाटते. "हलू नका," मी म्हणालो. "श्वाससुद्धा हळू घ्या." सगळी गल्ली गप्प झाली. मोबाइलला हात लावला की हलायचा, म्हणून फोटो आपोआप निघण्याची सोय लावली आणि मागे सरकलो. पहिल्या खेपेस दयानंदांना शिंक आली. दुसऱ्या खेपेस ढग आला. तिसऱ्या खेपेस वाटीवर मुंगी चढली आणि ऐन वेळी सालावर जाऊन उभी राहिली. मी पुन्हा केलं, आणि पुन्हा केलं. ऊन चढलं, लोक जेवायला गेले आणि दयानंदांचे हात भरून आले, तरी मी हटलो नाही.

आणि फोटो आला. सालाच्या बरोबर खाली टिंब. गोल, उठावदार, एका बाजूनं त्याची बारीक सावलीसुद्धा पडलेली. सिंधुनं मोबाइल हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाली, "हाय की हो टिंब."

खरं सांगतो, मला भरून आलं. निवृत्तीच्या दिवशी नारळ आणि शाल मिळाली तेव्हासुद्धा इतकं बरं वाटलं नव्हतं. मी तो फोटो पोळपाटाएवढा मोठा छापून आणला आणि चौकटीत बसवला.

प्रदर्शनाच्या सकाळी आम्ही लातूरची बस धरली. फोटो सिंधुच्या मांडीवर, नाणं माझ्या खिशात. पुलाच्या अलीकडे वाहनांची गर्दी होती, बस मुंगीच्या पावलानं चालली होती. मी म्हटलं, तेवढ्यात एकदा डोळे भरून बघून घ्यावं. नाणं उजव्या हातात घेतलं, भिंग डाव्या. टिंब जागेवर होतं. मनात म्हणालो, गुरुपादप्पा, आज बघा.

तेवढ्यात बस गोदावरीच्या पुलावर आली. तुम्ही नांदेडचे असाल तर पुढचं सांगायची गरज नाही. नसाल तर सांगतो. नांदेडचा माणूस गोदावरी ओलांडताना खिडकीतून नाणं टाकतो आणि हात जोडतो. हे तो विचार करून करत नाही. चालायला येण्याआधीपासून आई त्याच्या मुठीत नाणं देते आणि पूल आला की मूठ उघडायला सांगते. सिंधु म्हणाली, "गंगामाय आली." बसमधले हात खिडक्यांबाहेर गेले. माझाही गेला. मूठ उघडली. मी हात जोडले, कपाळाला लावले, डोळे मिटले आणि मनापासून म्हणालो, "माय, आज इज्जत राख."

डोळे उघडले तेव्हा डाव्या हातात भिंग होतं. उजव्यात काही नव्हतं.

मी जो आवाज काढला तो ऐकून ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. कंडक्टर धावत आला. "काय पडलं? पोरगं पडलं का?"

"रुपया," मी म्हणालो. "माझा रुपया पडला."

कंडक्टरनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरणार नाही. "पुलावर गाडी उभी करता येत न्हाई, काका," तो म्हणाला आणि त्यानं घंटी मारली.

बसमध्ये सल्ल्यांचा पूर आला. कुणी म्हणालं कोळ्याला सांगा, कुणी म्हणालं उन्हाळ्यात पाणी आटलं की या. मागच्या सीटवरचा एक जण म्हणाला, "घाटावर लोहचुंबक टाकून नाणी काढणारे हायत की. त्यान्ला सांगा."

"ते स्टीलची काढतात," मी म्हणालो. "हे तांबं-निकेलचं आहे. चुंबकाला चिकटत नाही." काळजात आग पडली होती, पण चुकीची माहिती माझ्यानं ऐकवत नाही.

पूल संपल्यावर कंडक्टरनं गाडी थांबवली. "उतरायचं का बसायचं, बोला."

मी पायरीवर उभा राहिलो. खाली काठोकाठ पाणी होतं. तीस वर्षं मी ह्याच नदीचं पाणी कागदावर मोजलं होतं. त्यात रुपया सापडणार नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"फोटो हाय ना?" सिंधुनं विचारलं.

"आहे."

"मग बसा."

मी बसलो. लोह्यापर्यंत उजवी मूठ मिटूनच बसलो. अहमदपूरला तिनं आग्रहानं चहा पाजला. चाकूरच्या पुढं मी ठरवलं की जायचं, फोटो लावायचा, आणि काय होईल ते उभं राहून ऐकायचं.

प्रदर्शन एका शाळेच्या सभागृहात होतं. गुरुपादप्पांची काचेची पेटी दारातच, लखलखीत. आमच्या मेहुणीनं, जयानं, आल्या आल्या पाणी दिलं. गुरुपादप्पांनी फोटो हातात घेतला आणि त्यांचा चेहरा जरा उतरला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला. "फोटो तर लई भारी हाय," ते म्हणाले. "कसा काढला?"

मी भिंग, वाटी, धोतर सगळं सांगितलं. मग उदगीरच्या तनुजाबाई आल्या. इतिहासाच्या प्राध्यापिका होत्या, गळ्यात भिंग, मंडळात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला.

"टिंब आहे," त्या म्हणाल्या. सभागृहातले लोक जवळ सरकले. "पण ते टांकसाळीतलं आहे, झिजलेल्या चौकटीचं आहे, का वरून बसलेला कण आहे, हे नाणं हातात घेतल्याशिवाय सांगता यायचं नाही. नाणं काढा."

घरी राहिलं, असं म्हणायला माझी जीभ तयार होती. तसं म्हणालो असतो तर कुणाला कळलंही नसतं. पण टिंब खरं म्हणून इतक्या लांब आलो होतो. त्याच्या शेजारी खोटं ठेवायला मन धजेना.

"गोदावरीत आहे," मी म्हणालो. "सकाळी पुलावर टाकलं. सवयीनं."

कुणीतरी खुदकन हसलं. गुरुपादप्पांनी तोंड उघडलं, पण त्यांच्याआधी सिंधु बोलली.

"हात जोडून टाकलंय, दाजी. फेकून न्हाई दिलं."

हीच बाई उदगीरच्या मंडपात हसली होती. तिच्यावरचा माझा सगळा राग त्या क्षणी उतरला.

तनुजाबाईंनी एक पुठ्ठा मागवला, त्यावर ठळक अक्षरात लिहिलं आणि फोटोखाली लावला: 'रुपया, १९८४. सालाखाली टिंब. निर्णय प्रलंबित. छायाचित्र: वैजनाथ खानापुरे, नांदेड. नाणं: गोदावरी नदीत.'

"असं कुठं लिहित्यात का?" गुरुपादप्पा म्हणाले.

"वस्तू कुठं आहे ते लिहायची पद्धत आहे," बाई म्हणाल्या. "ही तिथं आहे."

निर्णय प्रलंबित! तीस वर्षं हे दोन शब्द मी दुसऱ्यांच्या फायलींवर लिहिले, त्यांच्यात इतका दिलासा असतो हे ठाऊक नव्हतं.

दुपारी मुरुडच्या कावेरीबाई म्हणून एक म्हातारी सुनेबरोबर आली. तिनं सुनेकडून पुठ्ठा वाचून घेतला. "गंगेत हाय व्हय?" असं म्हणून तिनं कनवटीचं नाणं काढलं, फोटोपुढच्या टेबलावर ठेवलं आणि हात जोडले. तिच्या मागच्या माणसाला वाटलं, इथं ठेवायचं असतं. त्यानं ठेवलं. त्याच्या मागच्यानंही ठेवलं. थोड्या वेळात फोटोपुढं रांग लागली. कुणीतरी उदबत्ती आणली. आयोजकांनी कोपऱ्यात तातडीची सभा घेतली आणि दानपेटी ठेवावी की पाटी लावावी यावर त्यांच्यात दोन तट पडले. काचेच्या पेटीपुढं मात्र कुणी नव्हतं.

गुरुपादप्पा हळूहळू माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी त्या ढिगातलं एक जुनं नाणं उचललं, डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं आणि माझ्यापुढं धरलं.

"वैजनाथराव," ते म्हणाले, "जरा बघा हो. सालाच्या खाली हे काय हाय? मला समजून न्हाई राहिलं."

आसपासची माणसं थांबली. मी खिशातून भिंग काढलं, पुसलं, नाणं खिडकीच्या उजेडात फिरवलं. चौकट म्हणावी तर कोपरे नव्हते. टिंब म्हणावं तर एका अंगाला टोक होतं. सिंधु माझ्याकडे बघत होती.

"असं सांगता यायचं नाही, साडूभाऊ," मी म्हणालो. "फोटो काढावा लागेल."

गुरुपादप्पांनी गळ्यातलं पांढरं उपरणं काढलं, झटकलं आणि विचारलं, "कुठं धरू?"